चार खटके

युसूफभाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा रशीद बेलपाड्याला आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल तसाच ठेवून पनवेल गाठलं, दफनाला उभा राहिलो, परत आलो... त्याला महिना झाला, पण एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. जेवताना मध्येच उठतो आणि कशाला उठलो ते आठवत नाही. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. लागलीच आहे. तिचं कारण मी परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून हा लेख.

पनवेलच्या बाजारात युसूफभाईंचं बंदुका दुरुस्त करण्याचं छोटं दुकान होतं. नेऱ्याकडचे शेतकरी रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका घेऊन त्यांच्याकडे येत. मी गेलो ते वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन. मिठागराच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेलं, दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागे असं. युसूफभाईंनी गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, मग ते कानाशी धरलं, डोळे मिटले आणि घोडा इतका सावकाश ओढला की माझाच जीव कासावीस झाला. "चार खटके पायजेत," ते म्हणाले. "पहिला बोलतच नाय." मग घोडा खोलून त्यांनी त्याचं खालचं टोक चिमणीवर धरून काजळलं, परत बसवलं, हलवलं, काढलं. काजळी पुसली गेली होती तिथं बोट ठेवून म्हणाले, "ही खाच झिजलीय. घोडा गोळीला टेकू नये म्हणून हीच त्याला अडवते. आता नुसता धक्का लागला तरी बार उडेल. आठ दिवस ठेवून जा."

आठ दिवस! दसरा चार दिवसांवर होता. आमच्याकडे कोयत्यापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं मांडून पुजतात, आणि वडील गेल्यानंतरचा तो पहिलाच दसरा. मी हट्टाला पेटलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशीच माझी जात. शेवटी त्यांनी दिलं, पण देताना हात सुटेना. "नामदेवभाऊ, खाली ठेवा, रिकामं. भरलंच तर पाचच गोळ्या. घोड्यासमोरचं घर खाली. खुदा के वास्ते."

घरात काका वडीलधारे. "रिकामा हत्यार देवाम्होरं ठेवाचा नाय," त्यांनी बजावलं. मी पाच गोळ्या भरल्या, तर म्हणाले, "पाच कशाला? अर्धवट पूजा करतंस?" मला सगळं ठाऊक होतं. तरी सहावी गोळी मी माझ्या हातानं घातली.

संध्याकाळी युसूफभाई सायकल हाणत आले, हातात आपट्याची पानं. सोनं द्यायचं निमित्त होतं, खरं तर त्यांना चैन पडत नव्हतं. चौरंगाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "खाली हाय ना?" काका शेजारीच बसलेले. मी म्हणालो, "हो."

काका उठले, त्यांचा पाय चौरंगाला लागला आणि रिव्हॉल्व्हर घसरलं. रिकामं आहे या भरवशावर युसूफभाईंनी ते झेलायला हात पुढे केला... फरशीवर घोडा आपटला आणि बार झाला. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. पानं रक्तानं भिजली होती, आणि मी नुसता उभा होतो.

फौजदारापुढे त्यांनी जबाब दिला की गोळी दुकानात, त्यांच्याच चुकीनं उडाली. मला म्हणाले, "तुमचा परवाना जाईल, म्हाताऱ्याला कोर्टात ओढतील. माझा अंगठा काय, गेलाच." गोळी काकांनी माझ्या नकळत घातली असं त्यांनी धरलंय, असं मला वाटलं, आणि मी ते खोडलं नाही. पुढं बाजारात लोक बोलू लागले, स्वतःचा अंगठा राखता आला नाही तो आमच्या बंदुका काय राखणार? हॉटेलात हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मान खाली घालून चहा प्यालो. लाज वाटते सांगायला. नेऱ्याची गिऱ्हाइकं तुटली, युसूफभाई स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करू लागले. तरी दर दसऱ्याला ते सोनं घेऊन यायचे, थोडा वेळ बसायचे, आणि दर दसऱ्याला मी ठरवायचो, आज सांगायचं. चहा व्हायचा, ते उठायचे, मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला जायचो... आणि परत यायचो.

जबाब खरा वाटावा म्हणून ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या दुकानात नेलं होतं, ते मी पुन्हा मागितलंच नव्हतं. परवा दुकान आवरताना रशीदनं बोलावून घेतलं. तेलकट फडक्यात ते नीट गुंडाळलेलं होतं. सहाही घरं मी दोनदा पाहिली, कानाशी धरलं, डोळे मिटून घोडा ओढला. एक... दोन... तीन... चार. चारही खटके स्वच्छ. घोडा तसाच चढलेला ठेवून मी म्हणालो, "रशीद, सहावी गोळी मी घातली होती. तुझ्या अब्बांना मी खोटं सांगितलं."

"अब्बांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमी सांगाल म्हणून जायचे ते दसऱ्याला."

चढलेला घोडा अंगठ्यानं धरून सावकाश उतरवावा लागतो, ते मला जमेना. रशीदनं ते माझ्या हातून घेतलं आणि डाव्या अंगठ्यानं घोडा अलगद खाली आणला. त्याचा उजवा अंगठा धडधाकट आहे. पण काम तो वडिलांकडे बघून शिकला.