निवडुंगाचे काटे उपटले तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटातल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकायला गेलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे पुस्तकावर माझी फार श्रद्धा. पहिल्याच भेटीत माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "निवडुंगाला काटे कशाला?"

मी उभा राहून उत्तर दिलं : काटे म्हणजे पानांचं रूपांतर. त्यामुळे बाष्पीभवन कमी होतं आणि गुरांपासून रक्षण होतं.

अर्ध्या चड्डीतले सर हसले. "बरोबर. आणखी काही काम करतात का, ते शोध. तीन महिने घे. सापडलं तर पीएच.डी.ला राहा."

नाही सापडलं तर परत गावी, हे त्यांनी बोलायची गरज नव्हती.

मला वीस रोपं मिळाली. गोल, बुटकी, शेंड्यावर पांढऱ्या काट्यांची दाट टोपी. निम्म्यांचे काटे काढ आणि फरक बघ, असं सर जाता जाता म्हणाले. कसे काढायचे, ते मी विचारलं नाही. सरांना शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असंच मी शाळेत शिकलो होतो. चिमटा घेऊन तीन दिवस बसलो आणि एकेक काटा मुळासकट उपटला. काम इतकं स्वच्छ झालं की मलाच अभिमान वाटला. आठवड्याभरात दहाही रोपं काळी पडून पिचपिचीत झाली.

त्या शुक्रवारी मी जवळच्या ओफाकिम गावी गेलो. ठाण्याहून तिथे येऊन राहिलेलं एक वयस्कर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, जोडपं मला शबातच्या, म्हणजे शुक्रवारी रात्री सुरू होणाऱ्या सुट्टीच्या दिवसाच्या, जेवणाला बोलवायचं. मी त्यांना मावशी आणि काका म्हणे. मावशींनी माझ्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या.

"काय रे, मांजर पाळलंस काय?"

मी सगळं सांगितलं.

"मुळापासून उपटलेस? मग जखम नाय होणार? सडणारच ते. कातरायचे होते, केसांसारखे."

काकांनी टकलावरून हात फिरवला. "माझे पण हीच कातरायची. बघ, एक पण सडला नाय."

"तुमचे होते कुठे कातरायला?" मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सरला विचारलंस काय?"

"नाही."

"का? तो काय खातो तुला? इथे लोक मंत्र्याला पण रस्त्यात अडवून विचारतात."

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी मेलेली रोपं ट्रेमध्ये घालून सरांच्या टेबलावर ठेवली. "मी उपटले. आधी विचारायला हवं होतं."

सरांनी एक रोप उलटसुलट करून पाहिलं. "चिमट्याने? सगळे?"

"हो सर."

"चुकीच्या कामावर इतकी मेहनत मी अजून पाहिली नव्हती," ते म्हणाले आणि दहा नवी रोपं व एक बारीक कात्री दिली.

या वेळी काटे कातरले. रोपांच्या शेंड्यांत तापमान मोजायच्या बारीक तारा बसवल्या आणि रोज भर दुपारी व पहाटे आकडे लिहून काढले. दुपारी बोडके शेंडे टोपीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त तापत. पहाटे उलटं, तेच जास्त गार पडत. गुरांना टोचणारे तेच काटे झाडाच्या सर्वांत कोवळ्या जागेवर दिवसा छत्री धरत होते आणि रात्री तिच्यावर गोधडी घालत होते. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. मी वहीत ते दोनदा लिहिलं, आनंदाने.

अहवालात मी सडलेल्या दहा रोपांचंही एक पान जोडलं. सरांनी तेच पान आधी वाचलं, मग बाकीची, आणि माझ्या पीएच.डी.च्या अर्जावर सही केली.

मी उठलो नाही. अर्ज कुठे द्यायचा, हिवाळ्यात हीच मोजणी कशी करायची, लांब काटे आणि आखूड काटे यांत फरक पडेल का, असं एकेक विचारत गेलो. सातव्या प्रश्नाला सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी आठवा विचारला.