भुयारातल्या लेंड्या

माझी मावशी दिओनिसिया कोल्के शाळेची पायरी चढलेली नाही, आणि ओरुरो शहराकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्याच्या इंजिनियरला तिने शिकवलं. हे मी सगळ्यांना सांगतो. ऐकत नाही त्याला दोनदा सांगतो.

रस्त्याने आमचं पठार मधोमध कापलं. अलीकडे घरं, पलीकडे ओलं कुरण, मध्ये तारांचं कुंपण. पैसे देणाऱ्या बँकेची अट होती, जनावरांना रस्त्याखालून वाट हवी. म्हणून एक भुयार खणलं. आमचे लामा, म्हणजे लांब मानेची, उंटाच्या जातीची लोकरीची जनावरं, त्यातून गेले तर आणखी दोन होणार होती. नाही गेले तर हेही बुजवणार. मग मावशीच्या बासष्ट लामांनी खायचं काय?

आणि लामा जाईनात. वाल्दिव्हिएसो इंजिनियरने आत मीठ ठेवलं, दोरीने ओढून पाहिलं. लामांनी सरळ बसकण मारली. एक तर त्याच्या शर्टावर थुंकला.

"मावशी, तुमची जनावरं अडाणी आहेत हो," तो म्हणाला.

"शहाणी आहेत म्हणून थांबलीत. आत आपलं कुणी येऊन गेल्याचा वासच नाही. परक्याच्या अंधाऱ्या घरात तू तरी शिरशील का रे?"

लामा वाटेल तिथे घाण करत नाहीत. कळपाची जागा ठरलेली असते. मावशीने तिथल्या लेंड्या पाठीवरच्या फडक्यात बांधून आणल्या, चार दिवस खेपा घातल्या आणि भुयारभर पसरल्या. पाचव्या दिवशी कळपातली थोरली मादी हुंगत हुंगत आत गेली. मागोमाग सगळे. महिनाभर सुरळीत चाललं.

मग बँकेची बाई तपासणीला यायची ठरली. आदल्या दिवशी वाल्दिव्हिएसो साहेब मला म्हणाला, "भुयार लख्ख धुऊन काढ. पाहुणे येतायत." रस्त्याच्या कामावरचा पाण्याचा टँकर मी चालवतो. साहेबाचा हुकूम आणि माझी अक्कल कुठे चरायला गेलेली, कोण जाणे. धुतलं.

सकाळी बाई आली. कळप तोंडापाशी आला आणि बासष्टच्या बासष्ट खाली बसले. बाईने वहीत काहीतरी लिहिलं. मावशीने ओली जमीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या बहिणीच्या पोटी दगड आला असता तर पायरीला तरी लागला असता," ती म्हणाली. मी मान वर केली नाही.

ती बाईकडे गेली. "तासभर बसा. लिहायची घाई करू नका." मग तिने इंजिनियरच्या डोक्यावरचं पांढरं हेल्मेट काढून त्याच्याच हातात दिलं. "ढीग तिकडे आहे. भरून आण."

"मावशी, यांच्यासमोर?"

"मग कुणासमोर? भुयार त्यांच्याच पैशाचं ना?"

मला वाटलं, आता भडकणार. पण तो गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी भरायला लागला. त्याने आणि मी मिळून वीसेक खेपा केल्या. बाई मावशीशेजारी दगडावर बसून तिने दिलेली, थकवा घालवणारी कोकाची पानं चघळत होती.

मावशीने शीळ घातली. थोरली मादी उठली, नाक खाली घालून आत शिरली. बाई उभी राहून मोठ्याने मोजत होती आणि बासष्ट म्हणताना तिचा आवाज चढला. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. चूक माझी होती, पण मावशीही माझीच होती.

पुढची दोन्ही भुयारं मंजूर झाली. सोमवारी वाल्दिव्हिएसो मावशीच्या अंगणात आला. नकाशा, यंत्रं, माणसं, काही आणलं नव्हतं. ती लोकर कातत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, दुसरं कुठे खणू?"