कोरकोर आंटीची लाल फुली

कोरकोर आंटीचा कुणावर म्हणून विश्वास नाही. कापड आणणाऱ्या गिऱ्हाइकावर नाही, चर्चमधल्या पाद्र्यावर नाही, आणि तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर बायकांच्या वेण्या घालणाऱ्या माझ्यावर तर मुळीच नाही. मी जिन्यातून हाक मारावी, "आंटी, मक्याचा गरम केंके आणलाय, तळलेली मासळी पण आहे, ये की!" तर खालून उत्तर काय? "का गं मान्सा? आज काय काम काढलंस माझ्याकडे?" आता बोला!

पण तिला तरी नावं कशी ठेवू? आमच्या आक्रा शहरात भिंतीवर लाल फुली दिसली की समजायचं, बुलडोझर निघाला. आंटीची टपरी आधी खाडीकाठी होती, मग रस्त्याकडेला. दोन्ही वेळा सकाळी फुली उगवली आणि थोड्याच दिवसांत तिथे नुसता राडारोडा उरला. त्यानंतर तिला ओसू भागातल्या आमच्या इमारतीत आसरा मिळाला. तळमजल्यावर आरपार जाणारा बोळ होता. मालक लॅम्प्टीसाहेबांनी मागून भिंत घातली, पुढे दार बसवलं, झालं दुकान! तिथे ती मयताला जाताना घालायचे काळे-लाल कपडे शिवते. शनिवारी कुणाला पोचवायचं असलं की शुक्रवारी अख्खं ओसू आंटीच्या दारात.

यंदा सरकारने नवं धोरण आणलं. ऑफिसं-दुकानांच्या इमारतींनी वीज कमी जाळायची. जमलं, तर दारावर ताऱ्यांची पाटी आणि मालकाला करात सूट. लॅम्प्टीसाहेब त्या पाटीसाठी नुसते उतावीळ झाले होते. मग याकुबू नावाचा सरकारी इंजिनिअर आला. उत्तरेकडचा, मितभाषी माणूस. माझा एसी बघितला, केस वाळवायची यंत्रं बघितली, जिन्यात उभं राहून वर-खाली बघितलं. आणि जाता जाता आंटीच्या मागच्या भिंतीवर बाहेरून ही भलीमोठी लाल फुली मारून गेला.

"मान्साऽऽ! खाली ये! आले मेले!"

मी धावत गेले. आंटी भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी. "अगं, ही विजेची फुली आहे," मी म्हटलं. "खूण केली असेल कसलीतरी. साहेब स्वतःची इमारत पाडू देतील का?"

"विजेची फुली? वीज तारेतून जाते की माझ्या भिंतीतून? आणि जाताना माझ्याकडे बघून हसला तो. पाडायला येणारे सगळे आधी हसतात."

मग तिने साबणाने फुली घासली. रॉकेलने घासली. हात सोलवटले, फुली तशीच. शेवटी तिच्यावर काळं कापड टांगलं. वर माझ्याकडे वेण्या घालून घेणाऱ्या बायका पोट धरधरून हसल्या, आणि त्यांना हसवणारी मीच.

पुढच्या आठवड्यात याकुबू लॅम्प्टीसाहेबांना घेऊन आला आणि त्याने सगळं समजावलं. इमारत बांधणाऱ्याने तो बोळ समुद्रावरच्या वाऱ्यासाठी ठेवला होता. वारा तिथून शिरायचा, जिन्याने वर चढायचा, सगळ्या खोल्या गार. बोळ बुजवला आणि प्रत्येकाच्या खिडकीत एसी आला. भिंत काढा, निम्मे एसी बंद होतील.

"आंटी, तुम्ही दुसरीकडे जागा बघा," साहेब म्हणाले.

आंटी माझ्याकडे वळली. "विजेची फुली ना गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंत पडली, पुढचं दारही निघालं. वारा काय सुटला म्हणता! माझ्या दुकानातले जमिनीवरचे केस उडून जिन्यात गेले. मी एसी बंद केला, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बघते तर मशीन बोळाच्या मधोमध, आणि मशीनवर आंटी. कपडे फडफडतायत, ही पायाने दाबून शिवतेय.

लॅम्प्टीसाहेब तणतणत आले. "आंटी, माझी पाटी घालवणार का तुम्ही?"

"भिंत अडवत होती, भिंत गेली. मी काय भिंत आहे?"

"ते इंजिनिअर ठरवेल!"

याकुबू वारा मोजायला आला तेव्हा आम्ही सगळे जिन्यात गोळा झालो. त्याने हातभर लांबीची दांडी काढली, टोकाला इवलासा पंखा. ती त्याने आंटीच्या पाठीमागे धरली. आंटीने पोट आत ओढलं, घागरा मांड्यांत आवळला, श्वास रोखला. चेहरा काळानिळा पडायला आला. हिचं सगळं त्या पंख्यावर अडलेलं, आणि मी जिन्यात कठडा धरून मनात म्हणतेय, फिर रे बाबा, फिर!

पंखा गरगरा फिरला.

"श्वास घ्या, आंटी," याकुबू म्हणाला. "वाऱ्याला तुमची अडचण नाही." साहेबांना ते मानावंच लागलं. पाटी देणं याकुबूच्याच हातात होतं ना!

आम्ही टाळ्या पिटल्या. आंटी मात्र हलली नाही. "तू तोंडाने बोललास. उद्या दुसरा कुणी येईल, परवा साहेबांचं मन फिरेल. लाल रंग आहे ना तुझ्याकडे? मग लिही. ह्या गावात लाल रंगाशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही."

"काय लिहू?"

"कोरकोर इथे बसते."

तो हसला. "हसू नकोस," आंटी खेकसली, "हसलास की मला भीती वाटते." त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. मग बाजूच्या भिंतीवर, चांगल्या हातभर अक्षरांत, त्याने लिहिलं.

संध्याकाळी रंग वाळला. मी दुकान बंद करून उतरते, तर आंटी बादली, साबण आणि रॉकेल घेऊन ती अक्षरं खसाखसा घासतेय.

"अगं वेड लागलं का? पुसून टाकशील!"

तिने ऐकलं नाही. दात आवळून, दोन्ही हातांनी, पार घाम निघेपर्यंत घासत राहिली. एक अक्षर हललं नाही. मग तिने बादली ओतून दिली, हात पुसले, उडणाऱ्या कापडावर दगड ठेवला आणि मशीनवर बसली.

"मान्सा," ती म्हणाली, "उद्या माझ्यासाठी पण केंके आण."