पालथं घड्याळ

शिकलेल्या जावयाला लग्नात मनगटी घड्याळ द्यायची तेव्हा टूम निघाली होती. वडील आमचे बारामतीजवळचे मोसंबीचे बागाईतदार. त्यांना वेळ कळायची ती उन्हावरून आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून. पण द्यायचं तर चारचौघांच्या डोळ्यांत भरेल असं, हा त्यांचा खाक्या. पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानातून त्यांनी जे घड्याळ आणलं, त्याच्या तोडीचं मी पुन्हा पाहिलं नाही.

सगळ्यांची घड्याळं गोल असत. हे चौकोनी, उभट, काडेपेटीहून लहान. काळी तबकडी, वर-खाली तीन तीन बारीक रेघा, बाकी नक्षी म्हणून नाही. तरी नजर हटत नसे. न गंजणाऱ्या पोलादाचं होतं, सोन्याचं नाही, म्हणून आईनं नाक मुरडलं. पण खरी गंमत निराळीच होती. अंगठ्यानं बाजूला ढकललं की घड्याळ चौकटीतून सरकायचं आणि कूस बदलावी तसं पालथं व्हायचं. काच आत, पोलादी पाठ वर. घोड्यावरून चेंडू खेळणाऱ्या साहेबांसाठी असं काढलंय, फटका बसला तरी काच फुटत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. वडिलांनी त्या पाठीवर जावयाच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं कोरून घेतली.

तो जावई लग्नापर्यंत जगला नाही. पुण्यात वकिलीचं शिकत होता. साखरपुडा तिथंच त्याच्या मामाकडे झाला आणि दीड महिन्यात विषमज्वरानं तो गेला. मी त्याला एकदाच पाहिलं, तेही मान खाली घालून. मी खूप रडले. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही. पांढऱ्या पायाची असा शिक्का बसला असता तर मला कुणी पत्करलं नसतं. आमच्या गावाकडे ही सोयरीक घराबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हती. वडिलांनी ती दडपली आणि वर्षाच्या आत इंदापूरकडचं स्थळ ठरवलं. मुलगा कालव्यावर ओव्हरसियर होता.

बोलणी चालू असताना वडिलांनी त्या घड्याळाची बढाई मारून ठेवली. आता दुसरं देणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. अक्षरं घासायला ते सोनाराकडे गेले, मीही सोबत होते. सोनारानं घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

"तात्या, ह्ये सोनं न्हाय. कानस मारली तर अक्षरं जात्याल, पर घाव ऱ्हाईल. पुसल्यालं दिसंल."

मग पोकळ दागिन्यांत भरतात ती लाख त्यानं वितळवली आणि घड्याळ सरकायच्या खाचेत सोडली. ते जागच्या जागी घट्ट बसलं. पालथं होतं हे आता कुणाला कळायचंही कारण नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील वाटेत म्हणाले. मला त्यांचा संताप आला होता.

लग्न झालं. यांचा त्या घड्याळावर फार जीव. रोज सकाळी किल्ली द्यायचे, उपरण्याच्या टोकानं काच पुसायचे. माणूस सरळ, मनानं मोकळा. त्यामुळेच मला जास्त जड जायचं. जेवायला बसताना ते घड्याळ काढून ठेवत तेव्हा मी त्याच्याकडे पाहायचं टाळायची. दोनतीनदा सांगायचं ठरवलं आणि कच खाल्ली.

दुसऱ्या वर्षी एक गोरा इंजिनिअर भिगवण स्टेशनावर उतरून कालवा पाहायला आला. त्याच्या मनगटावर असलंच घड्याळ. घोड्यावर बसण्याआधी त्यानं ते पालथं केलं. यांना नवल वाटलं. यांनी आपलं ढकलून पाहिलं, ते हलेना. दुपारी घरी येऊन म्हणाले, अडकलंय, उद्या पुण्याला पाठवतो.

दुरुस्त करणाऱ्यानं ते उघडलंच असतं. मी चुलीपुढं बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. साखरपुडा, ताप, अक्षरं, लाख. 

"तुमच्या घरात समद्यांना ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

मी होय म्हणाले.

"म्हंजे ठावं न्हवतं ते मलाच तेवढं."

त्यांनी सुई तापवून खाचेतली लाख कोरून काढली आणि घड्याळ पालथं केलं. अक्षरं बराच वेळ पाहिली. मग तसंच, अक्षरं वर ठेवून, मनगटाला बांधलं.

त्यानंतर ते घड्याळ तसंच राहिलं. वेळ पाहायची झाली की उलटायचे, पाहून पुन्हा पालथं करायचे. ओरडले असते, माहेरी धाडलं असतं, तर मी ते सोसलं असतं. पण बोलणं, हसणं, सणाला लुगडं आणणं, काही चुकलं नाही. माझा जीव मात्र रोज त्या मनगटाशी टांगलेला.

मुलाच्या जावळाला वडील आले. यांचा हात पाहिला आणि त्यांनी मान खाली घातली. पंगतीत डाळज गावचे, इंग्रजी वाचता येणारे एक म्हातारे आबा होते. त्यांनी सगळ्यांदेखत यांना विचारलं, रावसाहेब, ही अक्षरं कुणाची म्हणायची? तुमची तर न्हाईत. वडिलांचा घास हातातच राहिला. मी वाढत होते, तिथंच थांबले.

यांनी मांडीवरचं पोर सावरलं आणि म्हणाले, "आमच्या घरातल्याच मान्साची हायेत."

आबांनी मान डोलावली आणि आमटी मागितली. मी ती वाढली. त्या उत्तरानं यांनी मला पाठीशी घातलं की बापासमोर माझ्या काळजात सुरी फिरवली, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं चाळीस वर्षं संसार झाला, पण विचारायचं धाडस मला झालं नाही.