मेथीचा वास

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या बहिणीची मुलगी वारली. तिचं वय अकरा दिवस होतं. नाव ठेवायचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. त्यामुळे रुग्णालयाच्या सगळ्या कागदांवर माझ्या बहिणीचं नाव आणि त्यापुढे 'यांचे बाळ' एवढंच लिहिलेलं होतं.

आमचं घर वर्ध्याजवळ नालवाडीत आहे. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर सेलूचं. नवरा आमचा आतेभाऊ, म्हणजे सासू ही आमच्या वडिलांची सख्खी बहीण. हे लग्न आत्यानेच जुळवलं होतं. विहारात लग्न लागल्यावर ती माझ्या आईला म्हणाली होती, "पोरगी कुठं परक्या घरी चालली? माह्याच घरी येऊन राह्यली." आतेभावाचं सेलूत कृषी केंद्र आहे. सव्वा महिना झाला की सासरची माणसं येतील आणि मायलेकींना घेऊन जातील, असं ठरलं होतं.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो, आताही आहे. त्या दिवसांत काय घडलं ते मी सवयीने वहीत टिपत गेलो. पुढचं त्याच वहीतून घेतलं आहे.

मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन चांगलं होतं. ती रडली, दूध प्यायली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. आईने डिंकाचे आणि मेथीचे लाडू आधीच करून ठेवले होते. बाळंतिणीला सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असा तिचा नेम होता.

चौथ्या दिवशी बाळाच्या अंगाला तेल लावताना बहीण म्हणाली, "आई, हिच्या कानाले मेथीचा वास येऊन राह्यला." आईने कान हुंगला. मग लंगोटही हुंगला. त्यालाही तोच वास होता, थोडा गोडसर, पाक करपल्यासारखा.

"दोन टाइम मेथी खाऊन राह्यली तू," आई म्हणाली. "मंग वास काय गुलाबाचा येईन?"

पाचव्या दिवशी आत्या बाळाला बघायला आली. तिनेही बाळ नाकाजवळ धरलं आणि हसली. "पोरगी नाई वो झाली तुले, मेथीची जुडी झाली," ती म्हणाली. त्यावर सगळे हसले. मीही तिथे होतो. दोन दिवस घरात बाळाला त्याच नावाने हाक मारत होते.

सहाव्या दिवसापासून ती दूध ओढेनाशी झाली. झोप वाढली. सातव्या दिवशी सकाळी तिचं रडणं बारीक, किंचाळल्यासारखं झालं आणि हातपाय ताठ होऊ लागले. रिक्षाने रुग्णालयात नेलं. बहीण बाळाजवळ बसली होती, आई रडत होती, आतेभाऊ सेलूहून निघाला होता. डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला अशा ठिकाणी नेमकं बोलता येतं, असा घरच्यांचा समज होता.

बालरोगतज्ज्ञ तरुण होते. त्यांनी क्रमाने प्रश्न विचारले. ताप होता का, उलट्या झाल्या का, आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का. तिसऱ्या प्रश्नाला मी हो म्हणालो आणि नातं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बाळाच्या लघवीला किंवा अंगाला काही वेगळा वास जाणवला?"

मी नाही म्हणालो.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू केले. या वयाच्या बाळात अशी लक्षणं दिसली की आधी तोच संशय घेतात, हे मला नंतर कळलं. नळीने दूध चालू राहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः बाळाचं दुपटं बदलत असताना थांबले. त्यांनी दुपटं नाकाजवळ नेलं. मग बाहेर येऊन विचारलं, "बाळंतीण मेथी खाते का?" आईने लाडवांचं सांगितलं. हा वास कधीपासून आहे, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. आई म्हणाली, पहिल्यापासून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दूध बंद करून त्यांनी साखरेचं सलाइन लावलं. टाचेला टोचून जाड कागदाच्या एका कार्डावर रक्ताचे पाच ठिपके घेतले. कार्ड सावलीत सपाट ठेवून चार तास वाळवावं लागतं. ते वाळलं आणि दुपारच्या कुरियरने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेलं. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं तेव्हा कार्ड वाटेतच होतं.

अहवाल सहा दिवसांनी आला. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. डॉक्टरांनी तो असा समजावला: दुधातल्या प्रथिनांचे शरीरात बारीक घटक होतात. त्यांपैकी तीन घटक पुढे मोडण्याची व्यवस्था या बाळात जन्मतःच नव्हती. ते रक्तात साचत गेले आणि मेंदूला सूज आली. या आजारात लघवीला आणि कानातल्या मळाला येणारा वास मेथीसारखाच असतो.

बहिणीने विचारलं, "माह्या दुधानं गेली का मंग?"

डॉक्टर म्हणाले, दूध कोणाचंही असतं तरी हेच झालं असतं. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "दादा, त्यायनं वास इचारला तवा तू नाई काऊन म्हणला?"

"मले वाटलं तो लाडवाचाच हाय."

"सांगाचं तर होतं," ती म्हणाली.

मी नंतर एकटा डॉक्टरांना भेटलो आणि सातव्या दिवशीच कळलं असतं तर, असं विचारलं. दूध तीन दिवस आधी थांबलं असतं, एवढंच ते म्हणाले. ती जगली असती असं ते सांगू शकत नव्हते. या आजाराच्या मुलांना लागणारी खास पावडर तेव्हा जिल्ह्यात कुठेच नव्हती.

अहवाल घेऊन मी सेलूला गेलो. आत्याने तो शाळेच्या निकालासारखा दोन्ही हातांत धरला. तिला इंग्रजी येत नाही, पण नाव वाचता आलं. "हे तर सूनबाईचं नाव हाय," ती म्हणाली. मी सांगितलं की बाळाला नाव नव्हतं म्हणून आईचं नाव टाकलं आहे. ती ऐकत होती, पण शेवटी म्हणाली, "कागद हिच्या नावानं, दूध हिचं. मंग बिमारी कोणाची?"

सव्वा महिना होऊन गेला. सेलूहून न्यायला कोणी आलं नाही. बहिणीने दोनदा बॅग भरली आणि दोनदा उघडली. आतेभाऊ फोनवर बोलायचा, पण केव्हा येतो ते सांगत नव्हता. आई म्हणायची, डॉक्टरांकडून एकदा लिहून आणा की आमच्या पोरीत दोष नाही.

ते लिहून मिळण्याचा मार्ग होता. डॉक्टरांनी नवराबायको दोघांच्या रक्ताची जनुकीय तपासणी सुचवली. आतेभाऊ आला, त्याने रक्त दिलं आणि त्याच दिवशी परत गेला. डॉक्टरांनी आणखी एक परवानगी मागितली. कार्डावरचे तीन ठिपके शिल्लक होते. ते संशोधनासाठी जपून ठेवायचे होते आणि बाळाची माहिती अशा आजारांच्या नोंदवहीत घालायची होती. बहिणीने अर्ज पूर्ण वाचला.

"याच्यातून औषध निघन का?" तिने विचारलं.

"निघू शकतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कामी येईल असं मात्र मी सांगत नाही."

तिने सही केली.

तपासणीचे निकाल आले तेव्हा आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो: बहीण, आतेभाऊ आणि मी. दोष दोघांमध्येही होता, अगदी एकच, बहुधा एकाच आजोबा किंवा आजीकडून आलेला. एकेकटा असताना तो कोणालाही त्रास देत नाही. दोघांकडून एकाच वेळी बाळात उतरला तर आजार होतो. दर गरोदरपणात ती शक्यता चारात एक. तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते आणि मग काय करायचं ते ठरवता येतं.

बहीण लगेच म्हणाली, "मी तयार हाय." आतेभावाने विचारलं, ही तपासणी किती वेळा करावी लागेल. डॉक्टर म्हणाले, दर वेळी.

मला हवं होतं ते मिळालं होतं. दोष दोघांकडे सारखाच असल्याचं वहीत आलं होतं. तरी एक प्रश्न राहिला होता, तो मी विचारला. या दोघांची लग्नं नात्याबाहेर झाली असती तर?

"तर हा धोका जवळपास नव्हताच," डॉक्टर म्हणाले. तेही मी लिहून घेतलं.

त्या रविवारी आम्ही सेलूला गेलो. आई आणि बहीण बरोबर होत्या, तिसऱ्यांदा भरलेली बॅगही होती. आत्याने चहा केला. मुलाने घरी काहीच धड सांगितलं नव्हतं, म्हणून ती मला म्हणाली, "तू पेपरवाला हायेस. काय म्हणला डॉक्टर, ते सारं वाचून दाखव. मधातलं काही सोडू नको."

मी वाचलं. दोष दोघांकडे सारखा, इथपर्यंत ती मान हलवत होती. आजोबा किंवा आजीकडून, म्हणजे आपल्याच आईवडिलांपैकी एकाकडून आलेला दोष आपल्याही रक्तात असेल, हे तिने स्वतःहून म्हटलं आणि पदराने डोळे पुसले. आई तेव्हा बहिणीचा हात धरून होती. मग मी शेवटची ओळ वाचली.

आत्याने हातातला कप खाली ठेवला. नंतर तिने विचारलं, "म्हणजे यानं बाहेरची केली तर लेकरं जगतीन?"

मी सांगितलं, डॉक्टरांनी तसं करा असं म्हटलेलं नाही.

"कराचं नाई म्हणत मी. जगतीन का, ते सांग."

मी म्हणालो, जगतील.

"आन् हिनं बाहेरचा केला तर हिचेही जगतीन," ती म्हणाली. "मंग दोघायचं काऊन वाटोळं करता?" तिच्या आवाजात राग नव्हता. आतेभाऊ दारात उभा होता. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, दुकानावर माणूस थांबला आहे, आणि गेला.

बॅग परत नालवाडीला आली. बहीण आता एका खासगी शाळेत शिकवते. ती आणि आतेभाऊ वर्षाहून अधिक काळ वेगळे राहतात. त्या वर्षात तो दोनदा आमच्या घरी आला. दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत बसला आणि मामांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तब्येत विचारून गेला.

संमतीने घटस्फोटाचा अर्ज गेल्या महिन्यात वर्ध्याच्या न्यायालयात दाखल झाला. कारण म्हणून स्वभाव जुळत नसल्याचं नमूद आहे. दुसऱ्या पानावर उभयतांना अपत्य नसल्याचं लिहिलं आहे. बहिणीने दोन्ही पानांवर सही केली. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली आहे.