पाइपाला दिलेला शेक

परवा नाशिक रोडला बहिणीकडे गेलो. तिची लेक बाळंतपणाला आली आहे; नातू नुकताच झालाय. शेगडीतल्या निखाऱ्यांवर बहिणीने ओवा टाकला आणि त्या वासासरशी मी दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातल्या एका सकाळी जाऊन पोचलो. त्या दिवशी याच लेकीचं बारसं होतं.

रात्री द्राक्षाच्या पानांवर बर्फ धरला होता. टाकीतून घरात येणारा प्लास्टिकचा पाइपही गोठला होता. पाहुणे यायला निघाले होते आणि बाळाच्या आंघोळीपुरतंही पाणी घरात नव्हतं.

फेटा बांधून सज्ज झालेल्या नानाकाकांनी टेंभा पेटवला. "अख्ख्या बागेची थंडी मी जाळ करून पळवतो. हा तर नुसता पाइप हाय!"

"पाइपच वितळंल," त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, म्हणाली. "बाळंतिणीला जाळावर धरतोस का, नाना? शेक द्यायचा."

तिने आधी नळ सोडून ठेवला. मग तव्यावर तापवलेली फडकी नळापासून टाकीच्या दिशेने पाइपाला गुंडाळत नेली.

"अक्का, त्याला डिंकाचे लाडूही कर!"

"करते. आधी टेंभा विझव."

बऱ्याच वेळाने नळ खोकला, बर्फाचे तुकडे थुंकला आणि धो धो वाहू लागला.

"रडलं बाई एकदाचं!" आत्या म्हणाली.

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. परवा नातवाला शेकताना बहीण प्रत्येक फडकं आधी स्वतःच्या गालाला लावून पाहत होती. आत्याही तसंच करत होती, पाइपासाठी.