शेजारच्या नटीचा राग

आमच्या शेजारच्या बाईंइतकं मन लावून रागावणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. आपण चिडतो, चार शब्द बोलतो आणि चहा पिऊन मोकळे होतो. बाई रागासाठी तयार होतात. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडच्या ज्या उकाड्यात कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, त्या उकाड्यात बाई सकाळी नऊ वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस बांधून, ओठांना लाली लावून अंगणात येतात आणि सुरुवात करतात. दुकानातल्या कापसासारख्या पावावर, भर दुपारी रस्ता भिजवणाऱ्या फवाऱ्यांवर, अंजिराचं झाड छाटा म्हणून पत्रं धाडणाऱ्या कॉलनीच्या कमिटीवर. मी कुंपणाजवळ सापडलो की माझ्यावर. इंग्रजीत 'यू' एकच असला तरी बाईंचा यू अरे-तुरेतला आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

बाई फ्रान्सच्या. एका बंदरावर होड्या दुरुस्त करणाऱ्याची ही मुलगी टायपिंग शिकायला पॅरिसला गेली आणि एकोणिसाव्या वर्षी चित्रपटात उभी राहिली. पहिल्याच चित्रपटात त्यांनी एक संत्रं सोललं. चार मिनिटं, एक शब्द न बोलता. लोक वेडे झाले. "मग पुढची दहा वर्षं प्रत्येक दिग्दर्शकाने मला फळं सोलायला लावली," बाई सांगतात. चाळिशी आली तशा त्या आई झाल्या, त्याही आपल्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या नटांच्या. मग आजी. शेवटच्या चित्रपटात तर त्या फक्त भिंतीवरचा फोटो होत्या, नायक येता-जाता त्याच्याकडे बघून उसासा टाकायचा. त्या फोटोसाठी त्यांनी दिवसभर मेकअप करून घेतला होता, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. पुढे टेक्सासच्या एका तेल-इंजिनिअरशी लग्न करून त्या इकडे आल्या. नवरा गेला तरी परत गेल्या नाहीत. रागावायला मोकळी जागा लागते आणि ती पॅरिसमध्ये परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा आमच्याकडे गणपतीला आल्या होत्या. मंडळातल्या एका काकूंनी कौतुकाने विचारलं, "तुम्ही पूर्वी ॲक्ट्रेस होतात ना?" बाईंनी मोदकाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी डॉक्टर असते तर विचारलं असतं का, पूर्वी डॉक्टर होतात म्हणून?" त्यानंतर काकू अर्धा तास आरतीचं ताट पुसत होत्या.

हल्ली म्हणे ऑडिशनला बोलावत नाहीत. घरीच फोनसमोर सीन करायचा आणि व्हिडिओ पाठवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी फोनच्या मागे उभं राहून वाचायची. दर शुक्रवारी घरून काम करणारा गल्लीतला मी एकटाच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी पाइपलाइनच्या गळत्या शोधणारा माणूस, मला काय वाचता येणार? "हे संवाद आहेत," बाई करवादायच्या, "तुझ्या ऑफिसचा ईमेल नाही." दोन वर्षं त्यांनी माझा असा पाणउतारा केला आणि दोन वर्षं त्यांना एकही भूमिका मिळाली नाही.

या वसंतात मात्र एक खरीखुरी भूमिका आली. फळं नाहीत, फोटो नाही, अख्खा चित्रपट एका म्हाताऱ्या आईचा. मुलगा फोन करून यंदाही येत नाही म्हणून सांगतो, तो सीन पाठवायचा होता. चार दिवस बाई कुंपणाकडेने पुटपुटत फिरत होत्या. कुणावर रागावल्यासुद्धा नाहीत, तेव्हा ही भूमिका त्यांना किती हवी आहे ते मला कळलं.

सात वेळा सीन केला. सातही वेळा माझ्यामुळे फुकट गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या भाषेत बोल. रविवारी सकाळी अंगणात फिरत फोनवर बोलतोस, त्या आवाजात."

"तुम्हाला मराठी कळतं?"

"शब्द नाही कळत. पळ काढणारा माणूस कळतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी मी नाशिकला आईशी बोलतो. "माझ्या आईला यात आणायचं काम नाही," मी म्हणालो.

"उत्तम. आता बोल," म्हणून त्यांनी फोनचं बटण दाबलं.

रागारागात मी बोलत सुटलो. आई, यंदा नाही गं जमत, प्रोजेक्ट आहे, व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे, पोरांची शाळा आहे, डिसेंबरला नक्की बघतो. बाई नुसत्या ऐकत होत्या. मध्येच हसल्या, मान डोलावली आणि बाहीवर नसलेलं सूत चिमटीने उचलून टाकलं. नाशिकला आई फोन कानाला लावून काय करत असेल, ते मला पहिल्यांदा दिसलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि बाईंचा रागही आला.

महिन्याने उत्तर आलं. भूमिका एका पन्नाशीच्या नटीला दिली होती, तिला मेकअपने म्हातारी करणार होते. पुढे लिहिलं होतं, मागून बोलणारे गृहस्थ कोण? डॉक्टरच्या लहानशा कामासाठी त्यांचा व्हिडिओ मिळेल का? हे बाईंनीच मला कुंपणापाशी वाचून दाखवलं. मी अजूनही त्या लोकांना माफ केलेलं नाही. कुणाच्या तरी गुळगुळीत गालांवर सुरकुत्या चिकटवायच्या आणि जिने त्या स्वतः कमावल्या तिला घरी बसवायचं, ही कुठली अक्कल? मी तोंडाला येईल ते बोललो, तेही मराठीत.

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "काम आलंय. चार वाजता ये."

माझी तीनच वाक्यं होती. डॉक्टर त्याच म्हाताऱ्या आईला आधी विचारतो, "बसा. तुमच्याबरोबर कुणी आलंय का?" फोन माझ्याकडे वळवलेला, आणि हातातून गेलेल्या त्या भूमिकेची वाक्यं बोलायला बाई फोनच्या मागे उभ्या. मी विचारलं. बाईंनी पदर सावरावा तशी शर्टाची कॉलर सावरली. "मुलगा आलाय ना," त्या म्हणाल्या, "गाडी लावतोय." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

मीही पाहिलं. खरंच कुणी येईल असं मला वाटलं. माझं पुढचं वाक्य डोक्यातून पार गेलं. बाई किती तरी वेळ तशाच दाराकडे बघत थांबल्या, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं वाक्य."

तो व्हिडिओ मी पाठवला नाही. पुसलाही नाही. त्यात मी तोंड उघडं टाकून दाराकडे बघत बसलो आहे. बाई त्यात कुठेच दिसत नाहीत.